एक्लेक्टिक : निवडून घेणाऱ्यांचा शब्द

‘एक्लेक्टिक’ हे इंग्रजी विशेषण आवड, संग्रह, शैली आणि विचारपद्धती यांना लावले जाते. एकाच पंथाला, परंपरेला किंवा काळाला बांधून न घेता निरनिराळ्या ठिकाणांहून पसंत पडेल ते उचलणारा, असा त्याचा अर्थ. ज्याच्या कपाटात ज्ञानेश्वरीशेजारी अगाथा ख्रिस्ती आणि तिच्याशेजारी पक्षीनिरीक्षणाचे पुस्तक उभे असते, त्याचे वाचन एक्लेक्टिक. या अर्थाला दोन अंगे आहेत. वस्तू अनेक ठिकाणच्या असल्या पाहिजेत आणि त्या कोणीतरी निवडलेल्या असल्या पाहिजेत. रोजच्या वापरात पहिले अंग टिकते, दुसरे गळून जाते आणि ‘एक्लेक्टिक’ म्हणजे नुसते ‘तऱ्हेतऱ्हेचे’ असा समज होतो. शब्दाचा दोन हजार वर्षांचा इतिहास मात्र जवळजवळ सगळा त्या गळलेल्या अंगाभोवतीच फिरतो. निवडणाऱ्याला निवडण्याचा अधिकार कोणी दिला आणि त्याने काय निकषाने निवडले, हाच वाद पुन्हा पुन्हा होत आला आहे.

शब्द मूळचा ग्रीक. ‘एक’ म्हणजे बाहेर आणि ‘लेगेइन’ म्हणजे गोळा करणे, वेचणे. दोन्ही मिळून झालेले ‘एक्लेगेइन’ म्हणजे ढिगातून वेचून बाहेर काढणे, आणि त्यावरून ‘एक्लेक्टिकोस’ म्हणजे वेचणारा. व्हर्जिलच्या गोपगीतांना ‘एक्लोग’ म्हणतात तो शब्द याच घरातला. त्याचा मूळ अर्थ ‘निवडक वेचा’ एवढाच. लॅटिनमध्ये या धातूचा भाऊ ‘लेगेरे’ आहे. वेचणे आणि वाचणे हे दोन्ही अर्थ त्याला आहेत. सिलेक्शन, कलेक्शन, इलेक्शन, लेक्चर ही त्याचीच संतती. ‘एलिगंट’ हा शब्दही याच कुळातला, कारण नीटनेटके दिसणे म्हणजे मुळात नीट निवडता येणे. इंग्रजीत ‘एक्लेक्टिक’ 17व्या शतकाच्या उत्तरार्धात आला, तो प्राचीन तत्त्वज्ञांच्या एका प्रकाराचे नाव म्हणून. कपडे, गाणी आणि दिवाणखाने यांना तो बराच पुढे लागू झाला.

ज्या तत्त्वज्ञाच्या संदर्भात हे नाव प्रथम भेटते तो अलेक्झांड्रियाचा पोटॅमो. डायोजेनिस लेअर्शियस या ग्रीक चरित्रकाराने तत्त्वज्ञांच्या चरित्रांच्या प्रस्तावनेत त्याची नोंद केली आहे. प्रत्येक पंथातले आपल्याला आवडेल ते घेऊन पोटॅमोने एक ‘एक्लेक्टिक’ पंथ सुरू केला, असे तो सांगतो. पोटॅमोचे लेखन हाती लागलेले नाही आणि त्याच्या पंथाला पुढे अनुयायी लाभल्याचेही दिसत नाही. निवडणाऱ्यांचा पंथ काढण्यातच एक अडचण आहे. गुरूने निवडलेले तेवढेच शिष्यांनी मानायचे ठरवले, तर शिष्य निवडणारे राहत नाहीत.

त्या काळी पंथ ही किती पक्की गोष्ट होती हे लक्षात घेतल्याशिवाय या कल्पनेतला धीटपणा कळत नाही. प्लेटोची अकादमी, ॲरिस्टॉटलचे अनुयायी, स्टोइक आणि एपिक्युरसचे अनुयायी असे चार मोठे तंबू होते, आणि तरुण माणूस त्यांपैकी एकात शिरला की जगाची रचना, ज्ञान, नीती आणि सुख यांविषयीची सगळी उत्तरे एकत्रच मिळत. इसवी सन 176मध्ये सम्राट मार्कस ऑरेलियसने अथेन्समध्ये तत्त्वज्ञानाची अध्यासने स्थापली तीही याच चार पंथांसाठी. भौतिकशास्त्र एपिक्युरसचे आणि नीती स्टोइकांची, असे घेणे म्हणजे शिस्त मोडणे होते.

तरीही ती मोडणारे होतेच. सिसेरो अकादमीच्या संशयवादी शाखेचा, पण त्याने एपिक्युरियन, स्टोइक आणि प्लेटोवादी अशा सर्व शिक्षकांकडे धडे घेतले होते. कोणत्या प्रश्नावर कोणाचे म्हणणे अधिक संभाव्य वाटते हे पाहून मत बनवायचे, अशी त्याची रीत होती. वैद्य गॅलेनचे उदाहरण अधिक ठळक आहे. त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणीच चारही पंथांच्या शिक्षकांकडे पाठवले, कोणा एकाचा होऊ नकोस या शिकवणीसह. त्याच्या काळी वैद्यांतही तर्कवादी, अनुभववादी आणि पद्धतवादी असे तट होते. गॅलेनने कोणाचेच नाव लावून घेतले नाही, आणि एखाद्या गुरूचे नाव लावून मिरवणाऱ्यांना त्याने गुलाम म्हटले. रोगाची कारणे शोधायला त्याने तर्क वापरला, औषधाचा गुण ठरवायला अनुभव. त्याने काय घेतले याला कारण होते, आणि काय टाकले यालाही.

रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने एका पत्रात वाचणाऱ्याला मधमाशीचा आदर्श दाखवला आहे. माशी फुलाफुलांवरून रस आणते, पण पोळ्यात जमतो तो मध असतो, रसांची बेरीज नसते. वाचलेलेही तसेच पचून एक झाले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. मराठीतही माशीवरून ‘माधुकरी’ हा शब्द आला आहे, पण माधुकरी मागणारा घरोघरी पदरात पडेल ते घेतो. सेनेकाच्या माशीला फूल निवडायची मुभा असते आणि जमवलेल्याचे काही नवे करायची जबाबदारीही. ‘एक्लेक्टिक’ या शब्दाची स्तुती जेव्हा केव्हा झाली, तेव्हा ती या जबाबदारीमुळे झाली.

सर्वांत मोठी स्तुती 18व्या शतकात फ्रान्समध्ये झाली. दनी दिदरो याने संपादित केलेल्या विश्वकोशाच्या 1755च्या पाचव्या खंडात ‘एक्लेक्टिझम’ ही प्रदीर्घ नोंद आहे आणि ती स्वतः दिदरोची आहे. परंपरा, प्राचीनता, सर्वमान्यता आणि अधिकार यांना न जुमानता स्वतः विचार करण्याचे धाडस करणारा तो एक्लेक्टिक, असे चित्र तो रंगवतो. म्हणजे प्रबोधनकाळाचा आदर्श माणूसच. त्याने एक भेदही आखून दिला, आणि तो आजही उपयोगी आहे. एक्लेक्टिक वेगळा आणि सिंक्रेटिस्ट वेगळा. सिंक्रेटिस्ट एका झेंड्याखाली उभा राहून इतरांच्या मतांशी तडजोड घडवतो, सगळ्यांचे म्हणणे मुळात एकच असल्याचे दाखवतो. एक्लेक्टिकला सगळ्यांना एकत्र नांदवायचे नसते. तो तपासतो, घेतो आणि उरलेले नाकारतो.

यानंतर शंभर वर्षांच्या आतच हाच शब्द फ्रान्समध्ये हेटाळणीचा झाला, आणि त्याला मुख्यतः एक माणूस कारण ठरला. व्हिक्टर कुझँ हा प्राध्यापक. 1830च्या क्रांतीनंतर फ्रान्सच्या विद्यापीठीय तत्त्वज्ञानावर त्याची जवळजवळ एकछत्री सत्ता होती, आणि 1840मध्ये तो काही महिने शिक्षणमंत्रीही झाला. त्याच्या मते तत्त्वज्ञानाच्या इतिहासात चारच मूळ प्रवृत्ती फिरून फिरून येतात : इंद्रियवाद, चिद्वाद, संशयवाद आणि गूढवाद. प्रत्येकीचा काही अंश खरा असतो. तो तेवढा घेऊन जुळवणी केली की तत्त्वज्ञान झाले. या मताला त्याने ‘एक्लेक्टिझम’ हेच नाव दिले आणि तेच अधिकृत अभ्यासक्रमात शिरले. राजा लुई फिलिप याच्या राजवटीच्या मध्यममार्गी राजकारणाला ते सोयीचे होते, आणि टीकाकारांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. पिएर लरू याने 1839मध्ये कुझँच्या खंडनासाठी पुस्तकच लिहिले. कवी बोदलेअरने 1846च्या चित्रप्रदर्शनावर लिहिताना चित्रकारांतल्या एक्लेक्टिकांना झोडपले; सगळीकडून थोडे थोडे घेणाऱ्याला स्वतःची दिशाच नसते, हा त्याचा आक्षेप. दिदरोचा बंडखोर कुझँच्या हाती सरकारी समेटकार झाला होता. कुझँवर थोडा अन्याय झाला असेल. प्लेटोचे फ्रेंच भाषांतर आणि तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा शिस्तशीर अभ्यास हे त्याचे काम कमी नाही. पण शब्दाला लागलेला डाग राहिला. त्यानंतर अनेक दशके युरोपच्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासांत ‘एक्लेक्टिक’ म्हणजे प्रतिभा आटल्यावर इतरांच्या तुकड्यांवर जगणारा, असाच सूर ऐकू येतो.

चित्रकलेत हा डाग विनाकारणच लागला. बोलोन्याच्या काराची घराण्यातल्या तीन चित्रकारांना, लुदोविको, आगोस्तिनो आणि आनिबाले यांना, विंकेलमान या जर्मन कला-इतिहासकाराने 18व्या शतकात एक्लेक्टिक म्हटले. राफाएलचे रेखाटन, तिशियनचा रंग, मायकेलँजेलोची ताकद, कोरेज्जोची कोमलता असे एकेक गुण उचलून चित्र शिजवण्याची त्यांची कृती होती, अशी समजूत त्यातून रूढ झाली. डेनिस माहन या इंग्रज अभ्यासकाने 1947च्या ग्रंथात दाखवून दिले की ही पाककृती त्यांच्या कार्यशाळेत चालत असल्याचा पुरावा नाही. आनिबालेची खाटकाच्या दुकानाची आणि उसळ खाणाऱ्या माणसाची चित्रे पाहिली, की हा माणूस संग्रहालयातून नव्हे तर रस्त्यावरून विषय उचलत होता हे कोणालाही दिसते.

वास्तुकलेत मात्र हा शब्द अगदी चपखल बसला. 19व्या शतकातल्या वास्तुविशारदांपुढे सगळ्या काळांच्या इमारतींच्या छापील आराखड्यांचे खंड उघडे होते, आणि लोखंडी सांगाड्यावर हवे ते दर्शनी रूप चढवता येत होते. शार्ल गार्निएचे 1875मध्ये खुले झालेले पॅरिसचे ऑपेरागृह हा त्याचा नमुना. महाराष्ट्रात या प्रवृत्तीच्या खुणा पावलोपावली आहेत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेले मुंबईचे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 1887 मध्ये उभे राहिले; त्यात व्हिक्टोरियन गॉथिक शैलीला भारतीय घडणीची जोड आहे आणि कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. जवळच जॉन बेगचे 1913चे जनरल पोस्ट ऑफिस आहे. त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देतो. कोल्हापूरचा नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँटने आखला आणि तो 1877 ते 1884 या काळात उभा राहिला. काळ्या दगडाच्या त्या वास्तूत मंदिरांचे स्तंभ, गुजरात-राजस्थानच्या कमानी आणि मधोमध इंग्रजी पद्धतीचा घड्याळाचा मनोरा एकत्र आले आहेत. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा पहिला आराखडाही मँटचाच. या इमारतींवर ‘खिचडी’ असा शेरा मारणे सोपे आहे. पण टर्मिनसमध्ये मधला घुमट, दोन्ही बाजूंचे पंख आणि खिडक्यांच्या ओळी एका मापात बांधलेल्या असल्यामुळे नजर कुठे अडखळत नाही. नुसते दागिने चढवलेल्या अनेक समकालीन इमारतींना ते जमलेले नाही.

हिंदुस्थानी संगीतावरच्या इंग्रजी लेखनात हा शब्द वारंवार भेटतो, आणि तिथे तो घराण्यांच्या संदर्भात येतो. घराणे म्हणजे स्वराचा लगाव, तानेची जात आणि रागाची मांडणी यांची बंदिस्त शिस्त, जवळपास त्या ग्रीक तंबूंसारखी. भास्करबुवा बखले यांनी फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ यांच्याकडे तालीम घेतली, आणि त्यांच्या गाण्यात तिन्ही वळणे एकजीव झाल्याचे जाणकार सांगतात. 1911मध्ये पुण्यात त्यांनी भारत गायन समाज स्थापला आणि 1916च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली दिल्या. अशा गायकाची गायकी ‘एक्लेक्टिक’ म्हटली जाते तेव्हा ती स्तुती असते. तोच शब्द चार कॅसेटी ऐकून चार घराण्यांच्या जागा घेणाऱ्या नवशिक्याला लावला, तर समीक्षकाने सभ्य भाषेत केलेली तक्रार असते.

अमेरिकेत हा शब्द एका वैद्यकपंथाचे नाव झाला. 19व्या शतकात तिथल्या डॉक्टरांचा भर रक्त काढणे आणि पाऱ्याची औषधे देणे यांवर होता. त्याला विरोध करणाऱ्या वूस्टर बीच आणि त्याच्या अनुयायांनी वनौषधींकडे मोर्चा वळवला. कोणत्याही पद्धतीतले गुणकारी असेल ते घेऊ, असे म्हणत त्यांनी ‘एक्लेक्टिक’ हे नाव घेतले. सिनसिनाटीचे एक्लेक्टिक मेडिकल इन्स्टिट्यूट 1845मध्ये सुरू झाले. प्रयोगशाळेतल्या विज्ञानाने वैद्यकाचा पाया बदलला आणि वैद्यकीय शिक्षणाची झडती घेणाऱ्या 1910च्या फ्लेक्स्नर अहवालानंतर कमकुवत वैद्यकीय शाळा बंद पडत गेल्या, तेव्हा हा पंथही ओसरला. 1939मध्ये या संस्थेने शिकवणे थांबवले. त्याच सिनसिनाटीतून 1836पासून मॅक्गफी यांची ‘एक्लेक्टिक’ वाचनमाला निघत होती. अनेक लेखकांचे वेचे, एवढाच तिथला अर्थ. अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या त्या पुस्तकांवर वाचायला शिकल्या.

हस्तलिखितांच्या संपादनशास्त्रात या शब्दाला काटेकोर अर्थ आहे. एकाच पोथीची प्रत न छापता, अनेक पोथ्यांतले पाठ ताडून प्रत्येक ठिकाणी सर्वांत समर्थनीय पाठ निवडून सिद्ध केलेली संहिता ती एक्लेक्टिक संहिता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती या व्यापक अर्थाने त्याच जातीची आहे. ती जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत सापडत नाही. पण संपादक विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनाला येईल तो पाठ उचलला नाही. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या उत्तर आणि दक्षिण परंपरांत जे समान आहे त्याला अग्रक्रम, काश्मीरच्या शारदा पोथीला विशेष वजन, आणि वगळलेला प्रत्येक महत्त्वाचा पाठ तळटीपेत हजर, असे नियम त्यांनी पाळले. निवडीचा हिशेब इतका उघड ठेवणारे दुसरे उदाहरण भारतीय विद्येत विरळच. नापसंत पाठही वाचकासमोर असल्यामुळे संपादकाशी मतभेद करायला वाव राहतो.

मानसोपचारात ‘एक्लेक्टिक’ उपचारक म्हणजे एका सिद्धान्ताला न चिकटता रुग्णाच्या गरजेप्रमाणे तंत्रे निवडणारा; आर्नल्ड लाझारस याने 1967 पासून या भूमिकेची शास्त्रीय बाजू मांडली. बी.एड.च्या वर्गात भाषा शिकवण्याची ‘एक्लेक्टिक पद्धत’ शिकवतात. अर्थशास्त्रात बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयीचा जॉन डनिंगचा सिद्धान्त याच नावाने ओळखला जातो. गोल्फमध्येही हा शब्द आहे. अनेक फेऱ्यांतून प्रत्येक खड्ड्यावरची आपली सर्वोत्तम फटकेसंख्या वेचून बेरीज करायची अशी स्पर्धा असते. त्या बेरजेचा खेळ खेळाडू प्रत्यक्षात कधीच खेळलेला नसतो.

आता आवडीकडे. एखाद्याची आवड एक्लेक्टिक असणे हे आज भूषण मानले जाते, पण ते नेहमी तसे नव्हते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय याने 1979च्या ग्रंथात दाखवले की आवडनिवड ही वर्गाची खूण असते. वरच्या वर्गातला माणूस अभिजात संगीत ऐकतो आणि लोकप्रिय गाणी टाळतो, आणि टाळणे हेच त्याच्या प्रतिष्ठेचे साधन असते. अमेरिकेत रिचर्ड पीटरसन याने 1990च्या दशकात वेगळे चित्र मांडले. रॉजर कर्न याच्यासह त्याने 1982 आणि 1992च्या पाहण्यांची तुलना केली, तेव्हा उच्चभ्रू श्रोते ऑपेराबरोबर ब्लूज, कंट्री, रॉक असे बरेच काही ऐकू लागल्याचे दिसले. त्यांना त्याने ‘सर्वभक्षी’ म्हटले. मात्र 1996मध्येच बेथनी ब्रायसन हिच्या अभ्यासात या सर्वभक्षीपणाची कुंपणे दिसली. मोकळ्या आवडीचे, शिकलेले श्रोते नेमके तेच प्रकार नाकारत होते ज्यांचे चाहते सर्वांत कमी शिकलेले होते, म्हणजे हेवी मेटल, रॅप, गॉस्पेल आणि कंट्री. ‘मला सगळेच आवडते’ म्हणणाऱ्याच्या ‘सगळ्या’तून काय वगळले आहे हे पाहिले, की त्याच्या आवडीविषयी आणि त्याच्या वर्गाविषयीही अधिक कळते. बीबीसीच्या रेडिओ वनवर 1967पासून 2004मध्ये मृत्यू येईपर्यंत संगीत वाजवणारे जॉन पील यांच्यासारखे अपवाद असतात. पंक, रेगे, आफ्रिकी गिटार आणि कोणी न ऐकलेल्या नव्या बँडच्या कच्च्या ध्वनिफिती ते एकाच कार्यक्रमात लावत. त्यांचे नाव निघाले की हे विशेषण मागोमाग येतेच.

प्रत्यक्ष वापरात काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. उच्चार ‘इक्लेक्टिक’, आघात ‘क्ले’वर. घाईत वाचणारे त्याला ‘इलेक्ट्रिक’ समजतात, आणि काही जण ‘एक्सेंट्रिक’शी गल्लत करून त्याचा अर्थ विक्षिप्त असा घेतात. विशेषण समूहाला लागते, सुट्या वस्तूला नाही. एक खुर्ची एक्लेक्टिक नसते, खोलीतली सगळी मांडणी असू शकते. ‘डायव्हर्स’मध्ये विविधता असते पण निवडणारा नसतो, म्हणून जंगल डायव्हर्स असते, एक्लेक्टिक नसते. ‘मिसलेनिअस’ म्हणजे किरकोळ, कुठेच न बसलेले. ‘कॅथलिक’ हा शब्द लहान अक्षराने लिहिला की सर्वांना सामावून घेणारी आवड. तिचे दार मोठे असते, तर एक्लेक्टिक आवडीच्या दाराशी पहारेकरी असतो. रेस्टॉरंटच्या आणि गृहसजावटीच्या जाहिरातींनी हा शब्द इतका वापरला आहे की तिथे त्याला ‘आमच्याकडे बरेच काही आहे’ यापलीकडे अर्थ उरलेला नाही. काटेकोर लेखक गर्दीला किंवा पाहुण्यांच्या जमावाला तो लावायचे टाळतात, कारण गर्दी कोणी निवडलेली नसते.

मराठीत त्याला एकच प्रतिशब्द पुरत नाही. तत्त्वज्ञानाच्या संदर्भात ‘सारग्राही’ जवळचा, कारण त्यात टाकून देणेही आहे. वाचनाविषयी बोलताना ‘चौफेर’ शोभतो, पण त्यात निवड नाही; ‘चोखंदळ’मध्ये निवड आहे, पण विविधता नाही. म्हणून ‘चौफेर आणि चोखंदळ’ अशी जोडी वापरली तर मूळ अर्थाची दोन्ही अंगे येतात. इमारतीसाठी ‘संमिश्र शैली’ रूढ आहे. संपादनशास्त्रात ‘पाठनिवडीने सिद्ध केलेली संहिता’ असे लांबच लिहावे लागते, आणि मानसोपचाराच्या किंवा अध्यापनाच्या वर्गात विद्यार्थी सरळ ‘एक्लेक्टिक’च म्हणतात.